लॉकर 'ओके' लिहिल्याबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब. तुमच्या थारच्या मागच्या लॉकरची, म्हणजे एक चाक घसरू लागलं की मागची दोन्ही चाकं एकत्र जोडणाऱ्या यंत्रणेची, आम्ही तपासणी केली होती. 'चाक उलटं फिरताना डोळ्यांनी दिसत होतं, तरी ८०० रुपये घेऊन लॉकर ओके लिहून दिला, आणि रविवारी पानशेतच्या पुढे चिखलात मागचं एकच चाक भिरभिरत राहिलं,' असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग रास्त आहे.

पण आधी एक विनंती. आता घरीच एक चाक जॅकवर घेऊन, गिअर टाकून बघणार असंही तुम्ही म्हटलंय. कृपा करून हे करू नका. लॉक लागला की जमिनीवरच्या चाकालाही ओढ मिळते आणि गाडी जॅकवरून उडी घेते. समोर कुणी उभं असेल तर सावरायला वेळ मिळत नाही.

तुमच्या थारच्या मागच्या लॉकरला बटण नसतं. दोन चाकांच्या फिरण्यात साधारण १०० आरपीएमचा (मिनिटाला १०० फेऱ्यांचा) फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, क्लच प्लेटा दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं एक होतात. तोवर तो साध्या डिफरन्शियलसारखाच (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या भागासारखाच) वागतो. म्हणून मागची दोन्ही चाकं घोडीवर (स्टँडवर) उचललेली, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, अशा वेळी एक चाक सावकाश फिरवलं की दुसरं उलटंच फिरणार. ते बरोबर आहे. तेच चाक जोरात फिरवल्यावर खट् आवाज होऊन दुसरं त्याच दिशेला आलं. तेव्हा तुम्ही बाहेर फोनवर होता. हाक मारून दाखवायला हवं होतं, आम्ही दाखवलं नाही.

याहून मोठी चूक माझी आहे. हाताने फिरवून लॉक लागतो एवढंच कळतं. गाडीचं वजन आणि इंजिनाचा जोर आल्यावर तो धरून ठेवतो का, हे कळत नाही. प्लेटा झिजल्या असतील तर घसरतात. डिफरन्शियलचं ऑइल काढून त्याच्या प्लगच्या (बुचाच्या) चुंबकावर बारीक काळी पेस्ट आहे की चमकणाऱ्या कपच्या, हेही पाहिलं नाही. अर्ध्या तपासणीवर मी 'ओके' लिहिलं. माफ करा.

शनिवारी गाडी आणा. ऑइल तुमच्यासमोर काढू, मग मुरमाच्या चढावर भार देऊन बघू. चिखलात चाक फिरू लागताच तुम्ही पाय काढला असेल, तर लॉक लागण्याइतका वेग मिळालाच नसेल. तेही तिथे कळेल. याचे पैसे नाहीत, आणि आधीचे ८०० आजच परत पाठवतो. दुसरीकडे दाखवायचं असेल तर आम्ही काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, ते जॉबकार्डवर सही करून देतो.