मियामीचे टॉवर आणि आपली पुळण

कोकणातल्या गटांवर सध्या एक संदेश फिरतोय. मियामीत चक्रीवादळं येतात, तरी समुद्राला खेटून टॉवर उभे आहेत. तिथे कुणी आडवं येत नाही. घर मजबूत बांधा, विमा काढा, झालं. आपल्याकडे मात्र सीआरझेडने, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांनी, कोकणचं वाटोळं केलं. वाचायला पटतं, म्हणूनच एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘कुणी आडवं येत नाही’ हे साफ खोटं. मियामी ज्या राज्यात आहे, त्या फ्लोरिडात किनारी बांधकामाची नियंत्रण रेषा आखलेली आहे. तिच्यापुढे समुद्राच्या बाजूला बांधायचं तर राज्याची वेगळी परवानगी काढावी लागते. पुढच्या ३० वर्षांत धुपून जाईल असा अंदाज असलेल्या जमिनीवर मोठ्या इमारतींना ती सहसा मिळत नाही. १९८२ साली रेगन यांनी, म्हणजे सरकारी बंधनं कमी करा म्हणणाऱ्या अमेरिकी अध्यक्षांनीच, आणखी एका कायद्यावर सही केली. किनाऱ्यालगतच्या ठरावीक मोकळ्या बेटांवर केंद्राचा पैसा रस्त्याला नाही, पुलाला नाही, आणि सरकारी पूरविमाही नाही. बांधायला बंदी नाही, पण जोखीम तुमची. त्यातल्या बऱ्याच जागा आजही मोकळ्या आहेत! आणि मियामी बीच? तिवरं (खारफुटी) तोडून, भराव घालून वसवलेलं बेट. तिथली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, धुपते म्हणून बाहेरून वाळू आणून ओतावी लागते. मोठ्या भरतीला लख्ख उन्हातही रस्त्यावर पाणी चढतं.

मजबूत बांधकामाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. १९९२च्या अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातली घरं पत्त्यांसारखी उडवली. त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले आणि २००२पासून राज्यभर लागू झाले. त्याचा फायदा झाला, वादच नाही. पण छप्पर टिकलं म्हणून पाणी थांबत नाही. २०१८मध्ये मायकल वादळ फ्लोरिडातल्याच मेक्सिको बीच या गावावर आदळलं. खोल खांबांवर उभारलेलं एक घर तिथे टिकलं आणि त्याचा फोटो जगभर फिरला. त्या फोटोत आजूबाजूला बघा: शेजारी नाहीत, नुसता ढिगारा. २०२२च्या इयन वादळात वाऱ्यापेक्षा वादळी उधाणाने जास्त माणसं मारली. फोर्ट मायर्स बीचवर पाणी घराघरांत शिरलं. किती मजबूत बांधलं याच्याइतकंच कुठे बांधलं हेही महत्त्वाचं, ते यासाठी.

आता विमा. अमेरिकेची राष्ट्रीय पूरविमा योजना १९६८ची. धोक्याच्या मानाने हप्ते कमी, त्यामुळे तीच घरं त्याच जागी पुन्हा पुन्हा उभी राहिली. कॅटरिना, सँडी, हार्वे ही वादळं एकामागून एक आली आणि योजना कर्जात बुडाली. २०१७ साली संसदेने तिचं १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं, तरीही सुमारे २० अब्ज उरलंच. हा पैसा करदात्याचा. समुद्र ज्यांनी कधी पाहिलाही नाही, अशांचाही.

राहता राहिला सीआरझेड. गावठाणातल्या कोळ्याला जुनं घर दुरुस्त करताना कागदांसाठी खेटे घालावे लागतात. हा राग रास्त आहे आणि तो मांडलाच पाहिजे. पण २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरचा ना-विकास पट्टा, म्हणजे नवं बांधकाम करू न देणारा पट्टा, ५० मीटरवर आणला आहे, हे संदेशात कुठेच नाही. उरलेली मोकळी जागाही बांधकामाला सोडायची, तर ती कोळ्याला मिळणार की रिसॉर्टला?

त्या पट्ट्याला रिकामी जमीन म्हणणाऱ्याने वादळाचा बावटा लागल्यावर बंदरावर यावं. होड्या दोर लावून वर ओढतात त्या पुळणीवरच, मासळी वाळते तीही तिथेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा उत्पन्नाला यायला कितीतरी वर्षं जातात. इतकं सोसलेल्या किनाऱ्यावर आणखी पुढे सरकून बांधा, असा सल्ला मी तरी कुणाला देणार नाही.

मागणी करायचीच तर ही करा: गावठाणातल्या घरांच्या दुरुस्तीची परवानगी ग्रामपंचायतीतच मिळू दे, किनाऱ्याचा आराखडा मराठीत ग्रामसभेपुढे येऊ दे, आणि तिवरांवर भराव घालणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ दे.