दिवाळी, साडू आणि सातवी इनिंग

सिॲटलला नोकरी लागली की पावसाबद्दल सगळे सांगतात. जॅकेट कुठलं घ्यायचं, व्हिटॅमिन डी किती खायचं, डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो तेव्हा मनाची तयारी कशी ठेवायची, सगळं. मरिनर्सबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ते आपलं आपल्याला कळतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मरिनर्स हा आमच्या शहराचा व्यावसायिक बेसबॉल संघ. जन्म १९७७. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि त्यातले २९ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, खेळून आलेत, निदान हरण्यापुरते तरी. उरलेला एक आमचा. २००१ साली या संघाने एका मोसमात ११६ सामने जिंकले. तेवढे त्याआधी फक्त शिकागोच्या कब्ज संघाने जिंकले होते, तेही १९०६ साली. एवढा पराक्रम करून पोरं वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी अलीकडे न्यूयॉर्कच्या यांकीजकडून हरली, आणि मग जी झोपली ती थेट २०२२ पर्यंत प्लेऑफमध्ये दिसलीच नाहीत. मी इथं आलो तो नेमका या झोपेच्या काळात. तेव्हा स्टेडियमवर लोक खेळ बघायला जात नसत, छप्पर बघायला जात. तेही बघण्यासारखंच आहे म्हणा. पाऊस आला की भलंमोठं छप्पर सरकत मैदानावर येतं, बाजू मात्र उघड्याच राहतात, त्यामुळे वारा आणि मालगाडीचे भोंगे दोन्ही आत. खाण्याच्या स्टॉलवर तिखटमीठ लावून भाजलेले नाकतोडे मिळतात. सामना बघवेना झाला की लोक ते खात बसतात. मी शाकाहारी, मला सामनाच बघावा लागतो.

एका दुःखाने भागेना म्हणून मी फुटबॉलही धरला. हेल्मेटवाला, कॉलेजचा. मी भारतात ज्या विद्यापीठात शिकलो त्याचा कुठलाही संघ कुठंही काहीही खेळताना मी पाहिलेला नाही. इथं यू-डबचा, म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठाचा, हस्कीज संघ खेळतो तेव्हा तळ्याकाठचं स्टेडियम सत्तर हजार माणसांनी भरतं. त्यातले काही लोक चक्क बोटीतून येतात. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाने मला जांभळा शर्ट भेट दिला आणि म्हणाला, २००८ साली आम्ही बारापैकी बारा सामने हरलो, तेव्हाही मी हाच रंग घालून यायचो. हे त्याने अभिमानाने सांगितलं. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं, पण शर्टाचं कापड चांगलं होतं.

मग २०२३ चा मोसम आला आणि हस्कीज सलग १४ सामने जिंकले. पेनिक्स नावाचा डावखुरा क्वार्टरबॅक असे चेंडू फेकायचा की माझी बायकोसुद्धा भाजी टाकून बघायला यायची. जानेवारी २०२४ मध्ये ह्यूस्टनला राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना झाला. मिशिगनने आम्हाला ३४-१३ असं धुतलं. त्या आठवड्यातच प्रशिक्षक अलाबामाला नोकरी घेऊन निघून गेले. आणि त्याच वर्षी आमचं विद्यापीठ नव्या लीगमध्ये गेलं. लीगचं नाव बिग टेन, संघ अठरा. विद्यापीठं पसरलेली पार न्यू जर्सीपर्यंत, त्यामुळे पॅसिफिक किनाऱ्यावरची पोरं आता अटलांटिककाठी हरायला जातात. मोजणीचं हे असं आहे, तरी अमेरिकेत गणिताचे क्लास भारतीय मुलांनीच लावायचे.

दोन्ही खेळांतल्या दुःखाची जात वेगळी. फुटबॉलचे नेहमीचे सामने मोसमात बारा, आठवड्याला एक. शनिवारी हरलं की रविवारी अबोला, सोमवारी ऑफिसात सुतकी चेहरा, बुधवारपर्यंत माणूस जेवायला लागतो. बेसबॉलचे १६२. बेसबॉलमधलं हरणं सोसायटीतल्या पाणीप्रश्नासारखं असतं: रोज असतं, रोज त्यावर तावातावाने बोलायचं, आणि तो सुटेल असं मनापासून कोणालाच वाटत नसतं. वाटायला लागलं की घात.

२०२५ मध्ये वाटायला लागलं.

त्या वर्षी ऑगस्टात माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे आले. बाबा निवृत्त गणिताचे मास्तर. रेडिओला कान लावून गावसकरची शतकं ऐकलेली पिढी, त्यामुळे बॅट आणि चेंडू असलेल्या कुठल्याही खेळावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं त्यांचं मत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "हा फुलटॉसच टाकतोय की सारखा. ह्याला काढत का नाहीत?" दुसऱ्या दिवशी, "बॅट टाकून पळतो? आमच्या वेळी घरी ठोकून काढला असता." तिसऱ्या दिवशी ते माझ्या आधी सोफ्यावर होते.

बाबांना धरून ठेवलं ते कॅल रॅलीने. हा आमचा कॅचर, म्हणजे विकेटकीपरच. त्या मोसमात त्याने ६० होमरन, म्हणजे आपले षटकारच, मारले. त्याला इथं प्रेमाने बिग डंपर म्हणतात. का म्हणतात ते मी सासऱ्यांना सांगितलेलं नाही. "किरमाणीच्या हातात असली ताकद असती तर!" एवढंच बाबा म्हणायचे आणि गप्प व्हायचे. सप्टेंबरात संघ अडखळला तेव्हा कुणा चाहत्याने इंटरनेटवरून एका चेटकिणीला पैसे देऊन संघासाठी मंत्र टाकून घेतला, आणि संघ सलग दहा सामने जिंकला. शहरभर चर्चा. बायको म्हणाली, "आपल्याकडे हे नारळात झालं असतं." बाबांनी चेटकिणीची फी डॉलरात विचारली, रुपयात केली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

इथं एक कौटुंबिक माहिती द्यायला हवी. बाबांना दोन मुली. धाकटी माझ्याकडे. थोरली टोरोंटोजवळ मिसिसागाला. म्हणजे माझे साडू टोरोंटोच्या ब्लू जेज संघाचे चाहते. पण तो विषय पुढे येईल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. हस्कीजचा रटगर्सशी सामना, तिकिटं मी उन्हाळ्यातच काढून ठेवलेली. ऑक्टोबरात बेसबॉल चालू असेल असं गृहीत धरून तिकीट न काढणारा माणूस सिॲटलमध्ये अजून जन्माला यायचाय. आणि नेमकं त्याच संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला मरिनर्स आणि डेट्रॉइट टायगर्स यांचा पाचवा, निकालाचा सामना. दोन्ही स्टेडियम लाइट रेलच्या एकाच लायनीवर. गाडीत अर्धे जांभळे, अर्धे निळे, आणि मधे स्वेटर, मफलर, कानटोपी घातलेले बाबा, ज्यांचा रंग कोणालाच ओळखता येत नव्हता.

फुटबॉल आम्ही ३८-१९ जिंकलो असं नंतर कळलं. खाली मैदानावर पोरं ढोरासारखी राबत होती आणि वर माणसं गुडघ्यात डोकं घालून फोनमध्ये बेसबॉल बघत होती. हस्कीजचा खेळाडू पडला, स्ट्रेचर येतंय, आणि आमच्या पूर्ण रांगेने एकदम आरोळी ठोकली, कारण तिकडे मरिनर्सनी २-२ अशी बरोबरी केली होती. पडलेल्या पोराने मान उचलून आमच्याकडे बघितलं. त्याला काय वाटलं असेल देव जाणे. बाबांचं मत मात्र ठाम होतं की तो आवाजानेच बरा झाला.

फुटबॉल संपलं, बेसबॉल संपेना. नऊ इनिंगचा खेळ, दहावी झाली, बारावी झाली. "ड्रॉ का करत नाहीत?" बाबांनी विचारलं. ड्रॉ नसतो, मी म्हटलं. "म्हणजे मरेपर्यंत?" हो. त्यांना हे फार भयंकर वाटलं. पाच-पाच दिवस खेळून निकाल न लागलेले सामने त्यांनी आनंदाने पचवलेत, पण आज रात्री निकाल लागल्याशिवाय घरी सोडणार नाहीत ही कल्पना त्यांना रानटी वाटली. त्याच सामन्यात एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी. तिथं इनिंगच्या मधे चार माणसं माशांचे पोशाख घालून शर्यत लावतात. त्यातला हम्पी नावाचा सामन मासा कधीच जिंकत नसे. त्या रात्री तो जिंकला. माझ्या पुढच्या रांगेतला दाढीवाला माणूस फोनकडे बघून खरोखर डोळे पुसत होता. बाबांनी त्याला खिशातली सुंठवडी दिली.

परतीच्या गाडीत पंधरावी इनिंग. एका मुलीच्या फोनभोवती आम्ही इतके वाकलेलो की कोणाची कोपर कोणाच्या बरगडीत आहे याचा हिशेब राहिला नव्हता. आमच्या पोलँकोने चेंडू मारला आणि तीन-दोन! जवळजवळ पाच तास चाललेला सामना संपला. एका अनोळखी गोऱ्या माणसाने बाबांना उचललं. बाबांना १९८३ नंतर कोणी उचललं नव्हतं.

पुढची मालिका टोरोंटोशी. साडू.

पहिले दोन सामने टोरोंटोत जाऊन आम्ही जिंकलो. मी साडूंना फक्त "कसं काय?" एवढाच मेसेज पाठवला, दोन्ही रात्री. मग ते इथं येऊन दोन जिंकले. "आम्ही मजेत" असं उत्तर आलं, तेही दोनदा. शुक्रवारी १७ तारखेला आमच्या स्वारेझने एकाच फटक्यात चार धावा काढून सामना ओढून आणला. आता मालिका ३-२. एक सामना, फक्त एक, आणि अठ्ठेचाळीस वर्षांत न दिसलेली वर्ल्ड सिरीज. बायको चकल्या तळत होती. मी तिला म्हटलं, यंदाची दिवाळी वेगळी आहे. ती म्हणाली, "सोऱ्या धर."

धनत्रयोदशी शनिवारी. सकाळी-सकाळी हस्कीज मिशिगनला त्यांच्या घरी २४-७ असं हरले. हा शकुन नाही, फुटबॉल आहे, असं मी स्वतःला बजावलं. रविवारी मरिनर्स सहावा सामना ६-२ हरले. हाही शकुन नाही, बेसबॉल आहे. सोमवारी २० तारखेला लक्ष्मीपूजन आणि सातवा सामना, दोन्ही संध्याकाळी पाचनंतर.

"पूजेच्या वेळी टीव्ही बंद," बायको म्हणाली.

"आवाज बंद," मी.

"लक्ष्मी इनिंग संपायची वाट बघत नाही."

बाबांनी मध्यस्थी केली. देवघराचा पाट थोडा डावीकडे सरकवला, "पूर्वेला तोंड हवं" असं कारण सांगितलं. पूर्वेला टीव्ही होता. मग त्यांनी पोथी उघडली आणि पूजा सुरू झाली. आमच्या हुलिओने होमरन मारला तेव्हा बाबा कलशाला गंध लावत होते, बोट जरा जोरात लागलं. रॅलीने मारला तेव्हा "सकलसौभाग्यदायिनी"चा सूर वर गेला. ३-१. सातवी इनिंग. टोरोंटोची दोन माणसं बेसवर, म्हणजे धाव घ्यायच्या तयारीत. आमच्या मॅनेजरने गोलंदाज बदलला, पण भरवशाचा मुनोझ तसाच मागे बसलेला. बाबांनी मंत्राच्या मधेच मला विचारलं, "तो मुख्य बोलर कशासाठी राखून ठेवलाय? लग्नाला?"

आरती सुरू झाली. ताट माझ्या हातात. टोरोंटोचा स्प्रिंगर खेळायला आला. चेंडू डाव्या बाजूला उंच गेला, आणि तो जातोय, जातोय, भिंतीपलीकडे जातोय हे मला निरांजनाच्या ज्योतीच्या वरून स्पष्ट दिसलं. तीन धावा. ४-३. टीव्ही मुका, टोरोंटोचं सगळं स्टेडियम मुक्याने नाचतंय, आणि माझा हात हवेत थांबलेला. कापूर विझला. बायकोने बघितलं तर माझे डोळे भरलेले. तिला वाटलं भक्तीने. तिने हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला. मी काही बोललो नाही. अशा वेळी संसारात जे पुण्य मिळतंय ते घ्यावं.

शेवटच्या इनिंगला हुलिओ हवेत बॅट फिरवून बाद झाला आणि दुसऱ्या मिनिटाला व्हिडिओ कॉल वाजला. पडद्यावर निळी टोपी घातलेले साडू, मागे थोरली मेहुणी, तिच्या मागे फुलबाज्या. "शुभ दीपावली!" ते ओरडले. एवढ्या मनापासून कोणी मला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या नव्हत्या.

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "त्या स्प्रिंगरला आमच्याकडून तेल-उटणं लावा. आणि पाण्यात बर्फ घाला."

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी हस्कीजने इलिनॉयला ४२-२५ हरवलं. बाबा म्हणाले, "हे आठ दिवस आधी करायला काय झालं होतं?" आणि बॅग भरायला गेले, कारण ठरल्याप्रमाणे त्यांना आता टोरोंटोला थोरलीकडे जायचं होतं. विमानतळावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिथं गेलो तरी मनाने मी इकडचाच, पण जेवण तिकडचं असल्यामुळे टोपी घालावी लागली तर मनावर घेऊ नका.

१ नोव्हेंबरला टोरोंटोत वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. नवव्या इनिंगला टोरोंटो ४-३ पुढे, जिंकायला दोन बळी कमी. आणि लॉस एंजेलिसच्या रोहासने होमरन मारून बरोबरी केली. अकराव्या इनिंगला टोरोंटो ५-४ हरलं. मी सोफ्यावर एकटा. आनंद झाला असं म्हणणार नाही, पण त्या रात्री मी उरलेल्या सगळ्या करंज्या खाल्ल्या.

फोन बाबांचाच आला. आवाज अगदी खाली. "इथं कोणी बोलत नाहीये. मी चहा मागितला तर जावईबापू उठून बाल्कनीत गेले."

"बाबा, तुम्ही सामना कुठं बसून बघितलात?"

"तुझ्याकडे बसायचो तसाच. सोफ्याच्या डाव्या टोकाला."

मी गप्प. मागून साडूंचा आवाज आला, "काय म्हणाले? डाव्या टोकाला?" मग त्यांनी फोन घेतला आणि आम्ही दोघं बराच वेळ बोललो. लग्न झाल्यापासून आमचं एवढं कशावरच जुळलं नव्हतं. शेवटी फोन परत बाबांकडे गेला.

"बरं," बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी ऑक्टोबरात कोणाकडे येऊ?"

दोन देशांतून दोन जावई एका दमात म्हणाले, "बाबा, ऑक्टोबरात पुण्याची हवा काय सुंदर असते!"