भावा, लॅपटॉप बोंबलतोय

"साहेब, गिरणीत हायसा काय? दळण झालं की फोन करा, मला काय घाई न्हाई," असं म्हणून मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यानं फोन ठेवला. एप्रिलची १७ तारीख होती, २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची मुदत, अडत्याचं ते काम माझ्याकडं, आणि मी गिरणीत नव्हतो. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्याच घरी माडीवरच्या खोलीत खिडकीपाशी टेबलाला बसलो होतो आणि माझ्यासमोर माझा सहा वर्षांचा लॅपटॉप जोतिबाच्या घाटात दुसऱ्या गिअरला अडकलेल्या एसटीसारखा ओरडत होता.

आवाज काय एका दिवसात वाढला नाही. आधी नुसती कुजबुज होती, मग माशी घोंगावल्यासारखं, मग एक दिवस बायको खालून म्हणाली, "अहो, वरचा मिक्सर बंद करा की." आमच्या घरात वर मिक्सर नाही.

आता गंमत अशी की आमच्या खिडकीच्या बरोबर खाली मिरची कांडप आहे. मार्च लागला की चटणीचा सीझन सुरू, सकाळी नऊपासून धाड-धाड-धाड, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांची पोती घेऊन बायका रांगेत उभ्या, आमच्या घरातली भांडी फळीवर नाचतात. त्याचा आजवर कुणाला त्रास झाला नाही. पण माझ्या लॅपटॉपचा पंखा मात्र सगळ्या गल्लीला खुपायला लागला.

एकटी आई तेवढी खूष होती. पंखा ओरडायला लागला की ती जिन्यातूनच सगळ्यांना दटावायची, "गप बसा रं, लई काम पडलंय त्येला. ऐकू येतंय न्हवं?" भाजी आणायला, लाईट बिल भरायला, पाहुण्याला स्टँडवर सोडायला ती मला हाकच मारायची नाही, स्वतः पिशवी उचलायची आणि "मी जातो" म्हणून निघायची. (आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी आलो' असंच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) आईच्या हिशोबात आवाज म्हणजे काम, मोठा आवाज म्हणजे मोठं काम. तेव्हा मला ह्या हिशोबाची किंमत कळली नव्हती.

पोरगं नववीत आहे. त्यानं मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं, पंख्याजवळ धरलं आणि जाहीर केलं की ५८. वर त्यानं हेही शोधून काढलं की ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत आणि त्यात रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलीय, म्हणजे बाबा दिवसा पण गुन्हा करतायत आणि रात्री तर जास्तच. मोबाईलचं ॲप म्हणजे काय सरकारी यंत्र नव्हे आणि पंख्याला मोबाईल चिकटवून मोजल्यावर आकडा फुगणारच, पण आपल्याच घरात आपल्यावर असा पंचनामा झाला की बोलायला तोंड राहत नाही. तसं बघायला गेलं तर आम्ही महाद्वार रोडला विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं छाती थरथरवत उभी राहणारी माणसं, ५८ म्हणजे आमच्यात घसा खाकरला पण म्हणत नाहीत.

तरी पण २० तारीख डोक्यावर होती, म्हणून मी इलाजाला लागलो.

पहिल्यांदा टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे आत कुठला प्रोग्रॅम किती राबतोय ते दाखवणारी यादी. टास्क मॅनेजरचं कसं आहे, पेठेत पोलिसांची गाडी वळणावर दिसावी तसं आहे, आत्तापर्यंत रंगात आलेला पत्त्यांचा डाव क्षणात गायब आणि सगळी मंडळी कट्ट्यावर पेपर वाचत बसलेली. उघडताना सीपीयू, म्हणजे प्रोसेसरवरचा भार, ८० टक्के दाखवत होता, मी चष्मा पुसून बघेपर्यंत १२, आणि यादीत सगळ्यात वर कोण तर स्वतः टास्क मॅनेजर! मग मी मोबाईलकडं बघायचं नाटक करत तिरक्या नजरेनं पाळत ठेवली. सापडले. एक अँटिव्हायरस, जो ऐन दुपारी अख्ख्या डिस्कची झडती घेत होता, एक विंडोजचं सर्च इंडेक्सिंग, म्हणजे शोधायला सोपं जावं म्हणून फायलींची यादी करत बसणारं, आणि ब्राउझरमध्ये उघडे राहिलेले ४३ टॅब, ज्यातला एक गेल्या दिवाळीतल्या चकली बिघडली तर काय करावं ह्याचा होता. अँटिव्हायरसची वेळ रात्रीवर टाकली, टॅब मारले. सीपीयू ६ टक्क्यांवर आला. पंखा घाटातच.

मग पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ केलं. ही युक्ती बऱ्याच लॅपटॉपवर चालते, एका टक्क्यानं काय होणार असं वाटतं पण त्यानं टर्बो बूस्ट बंद होतो, म्हणजे प्रोसेसर अंगात आल्यासारखं जे मधेच जोरात पळतो ते थांबतं. आवाज खरंच जरा उतरला. पण एक्सेलच्या मोठ्या शीटमध्ये खाली जायचं बटण दाबलं की ती विचार करून निघायला लागली. तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं तर आकडा ९४. पाणी १०० ला उकळतं, म्हणजे ह्यावर चहा ठेवला असता तर निम्मा झाला असता. प्रोसेसर अशा वेळी स्वतःला जपतो, शंभरच्या आसपास पोचला की आपला वेग आपणच कमी करतो, म्हणूनच पंखा जितका जोरात ओरडत होता तितकं काम हळू होत होतं. हे आईला सांगायची सोय नव्हती.

मेव्हण्याचा सल्ला आला, फॉरमॅट मार. मेव्हण्याकडं सर्दीपासून लग्न न जमण्यापर्यंत सगळ्यावर फॉरमॅट हाच उपाय आहे, म्हणून सोडून दिला. एक कूलिंग पॅड मागवलं, त्याला निळे दिवे, गणपतीपुढं ठेवलं असतं तर शोभलं असतं, पण त्याचे पंखे जिथं वारा मारत होते तिथं माझ्या लॅपटॉपला भोकंच नव्हती. आता दोन एसट्या एकदम घाट चढायला लागल्या. राजारामपुरीत एका दुकानात नेला तर पोरानं झाकण न उघडताच मान हलवली आणि "मदरबोर्ड बघावा लागेल, आठ दिवस ठेवून जा" म्हणाला. १८ तारीख होती. पेशंट घेऊन परत आलो.

शेवटी तात्या आले. तात्या आमचे शेजारी, शिवाजी उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, रिटायर झाल्यापासून गल्लीतल्या मिक्सर, मोटारी, शिलाई मशीन हेच त्यांचे नातेवाईक. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आवाज ऐकून आले. येताना वीतभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आले, त्याचं टोक लॅपटॉपच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डॉक्टरसारखे डोळे मिटून बसले. इंजिनाचं बेअरिंग ऐकायची ही जुनी पद्धत. मी उगाच श्वास धरून बसलो.

"बेअरिंग चांगलं हाय," तात्या म्हणाले. "हितं हात लाव."

जिथनं गरम वारा बाहेर यायला पाहिजे त्या बाजूच्या जाळीपाशी हात नेला. वाराच नव्हता. एवढा कालवा चाललेला आणि बाहेर फुंकरीएवढी पण हवा नाही.

"सायलेन्सर चोक हाय गा. पंख्याचा काय दोष? त्यो बिचारा बोंबलून सांगतोय आणि तू त्येचंच तोंड दाबायला निघालायस. ठेवतोस कुठं ह्येला रात्रीचं?"

"गादीवर. वाकळंवर."

"आणि श्वास खालनं घेतोय ना त्यो? झोपलेल्या माणसाच्या तोंडावर उशी ठेव आणि मग म्हण घोरतोय का म्हणून!"

दोन दिवस मी इंटरनेट पालथं घातलं होतं आणि हात लावून बघायचं सुचलं नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर ऑपरेशन. दहा स्क्रू दिसत होते ते काढले, झाकण हलेना, तात्यांनी नखानं चाचपून खालच्या रबरी पायांमागं लपवलेले आणखी दोन काढले, "चोराच्या मनात चांदणं" म्हणाले. स्क्रू स्टीलच्या ताटात मांडले. पहिल्यांदा बॅटरीची पिन सोडवली, हे मात्र मी सांगितलं, तेवढंच माझं योगदान. मग पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाची ती पातळ पत्र्यांची फणी, ह्या दोघांच्या मधे बघितलं तर एक जाड नमदा बसलेला. धूळ असते हे मला माहीत होतं, पण धूळ राखाडी असते. ही तांबूस होती.

तात्यांनी चष्मा वर केला, वाकले आणि सवयीनं तोंडानं एक जोरात फुंकर मारली.

पुढची पाच मिनिटं टेबलाभोवती कुणीच बोलायच्या अवस्थेत नव्हतं. तात्या शिंकत होते, मी खोकत होतो, पोरगं डोळे चोळत मोरीकडं पळालं आणि बायको स्वयंपाकघरातनं ओरडत होती की फोडणी जळली काय, पण गॅसवर तर काही नाही. सहा उन्हाळे खिडकीपाशी बसून माझ्या लॅपटॉपनं खालच्या कांडपाची चटणी ओढली होती, ब्याडगीचा रंग आणि संकेश्वरीचा ठसका, सगळं गाळून त्या फणीत भरून ठेवलं होतं. नाक पुसता पुसता तात्या म्हणाले, "मटणाला पुरंल."

नमदा चिमट्यानं ओढून काढला पण पत्र्यांच्या फटीतलं निघेना, त्याला प्रेशरचा वारा पाहिजे. मग मी आणि तात्या उघडा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं. रांगेत पुढं एक बुलेट आणि एक टमटम. आमचा नंबर आल्यावर पोरानं पाइप उचलला आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "किती मारू? पुढं पंचवीस?" तात्यांनी आधी त्याला कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायला लावलं, टाकीत ओल साठते आणि ती वाऱ्याबरोबर बोर्डावर उडाली तर खेळ खलास. मग माचिसची काडी पंख्याच्या पात्यात अडकवून धरली, कारण जोरदार वाऱ्यानं पंखा त्याच्या औकातीबाहेर गरागरा फिरला तर बेअरिंग जातं, वर तो फिरता फिरता उलटी वीज पण तयार करतो. नोझल लांबनं धरून फस्स, फस्स.

लाल ढग उठला. बुलेटवाला अजून किक मारत होता, तो तिथंच वाकून शिंकायला लागला. टमटममधली एक आजी पदर नाकाला लावून पंक्चरवाल्यालाच म्हणाली, "कांडप कधी सुरू केलंस रं? किलोला किती घेतोस?"

घरी आल्यावर राहिला पेस्टचा प्रश्न. प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमधे उष्णता पलीकडं पोचवायला पेस्ट असते, ती वाळून भिंतीवरच्या जुन्या चुन्यासारखी झालेली. तात्या म्हणाले, "ग्रीस हाय माझ्याकडं, डबा आणतो." मी त्यांचे हात धरले. ग्रीस चाकाला, ही पेस्ट वेगळी असते. राजारामपुरीतनं बारकी ट्यूब आणली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जुनी पुसली आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका दिला. तात्यांना तेवढं बघवेना. "कसला चिकटपणा करतोयस, लाव की जरा सढळ हातानं!" पण ती फक्त दोन पृष्ठभागांतल्या बारीक फटी भरायला असते, सढळ हातानं थापली की उलट अडथळाच. तात्या रुसून ताटाकडं वळले आणि झाकण लागल्यावर त्यांनी मला ताटात उरलेला एक स्क्रू दाखवला. कुठला ते दोघांनाही कळलं नाही. त्यांनी तो खिशात टाकला.

बटण दाबलं. काहीच ऐकू येईना. मेला, असं म्हणून मी मटकन खालीच बसलो, आणि मग स्क्रीन लागली. तापमान ४७. जाळीपाशी हात धरला तर छान गरम वारा येत होता. १९ तारखेच्या रात्री मी अडत्याचं रिटर्न भरून टाकलं, फोन करून सांगितलं तर म्हणाला, "झालं दळण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाला बसलो आणि दहा मिनिटांत जिन्यातनं हाक आली, "आज काम न्हाई वाटतं? मोकळाच हायस तर लाईट बिल भरून ये." भरून आलो. दुपारी बायकोनं गॅस सिलेंडर हलवून घेतला. संध्याकाळी मेव्हण्याला स्टँडवर. मी म्हणालो, अगं काम चाललंय, बघ की, आणि लॅपटॉप फिरवून एक्सेलची शीट दाखवली. ती शीट बघून घरात कुणाचंच मत बदललं नाही. तिसऱ्या दिवशी मी कांडपावर रांगेत होतो, मिरच्यांचं पोतं घेऊन, दोन बायकांच्या मधे, आणि माझ्या माडीवरची खिडकी खालनं बघत होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आई खालनं म्हणाली, "रिकामाच बसलायस न्हवं, गंगावेशीत जाऊन दूध घेऊन ये, समोर म्हैस पिळून दील त्येचंच आण."

मी उत्तर दिलं नाही. उठून गादीवरची वाकळ घेतली, चार घड्या घातल्या, टेबलावर ठेवली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला. ९९ चं परत १०० केलं. टॅब उघडत गेलो, चकलीवाला पण उघडला. आधी माशी आली, मग मिक्सर, मग हळूहळू एसटी घाटाला लागली.

आई अर्ध्या जिन्यापर्यंत वर आली, कान दिला आणि तिथनंच मागं फिरली.

"असू दे रं, कर तू काम. मी जातो दुधाला."