चार तुकडे आणि ‘हातचलाखी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मादागास्करचा बीलझेबुफो हा जीवाश्मरूपात सापडलेला प्राचीन बेडूक दक्षिण अमेरिकेतल्या शिंगाळ्या बेडकांच्या कुळातला, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याखाली आपण लिहिलंत: ‘चार तुकड्यांवरून बेडकाचं कूळ सांगणं ही हातचलाखी आहे. पूर्ण सांगाडा दाखवा. आकार फुगवलेला, डीएनएचा हिशेबही जुळत नाही. अभ्यास वाढवा.’

शंका हवी तेवढी घ्या. पण हातचलाखी फसवणारा करतो, आणि तो शब्द तुम्ही मला सहज चिकटवून मोकळे झालात. पुण्यात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बेडकाची हाडं सुटी करून टेबलावर पसरली की माझे विद्यार्थी त्यातला तुकडा उचलून ‘हा वरचा जबडा’ असं बिनचूक सांगायचे. ‘अभ्यास वाढवा’ हे कुणाला म्हणतोय, याचा जरा विचार करायला हवा होता.

आता तुकड्यांकडे येऊ. आपल्याकडे पावसाळ्यात डरावणाऱ्या मोठ्या बेडकाची कवटी हाताला गुळगुळीत लागते. बीलझेबुफोच्या कवटीवर मात्र खळगेच खळगे, मध्ये उठलेले कंगोरे, मधमाशीच्या पोळ्यासारखे. नुसत्या खळग्यांवर कुणी निकाल देत नाही, खडबडीत कवटी इतर कुळांतही आढळते. म्हणून दात बघायचे. बहुतेक बेडकांच्या दाताचं टोक आणि बूड वेगळं असतं, मध्ये लवचीक सांधा. इथे तो सांधाच नाही, दात अखंड आणि जबड्याला पक्का जखडलेला. दक्षिण अमेरिकेतल्या शिंगाळ्या बेडकांचंही तेच. १९९३ पासून मिळत गेलेले हे तुकडे जीवाश्मतज्ज्ञ सुसान इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले, आणि २०१४ मध्ये नव्या हाडांसकट, सीटी स्कॅन करून पुन्हा तपासले. याला तुम्ही हातचलाखी म्हणता?

आणि पूर्ण सांगाडा म्हणजे सगळं मिळालं असं थोडंच आहे! आपल्या वरळीच्या खडकातले चिमुकले जीवाश्म बेडूक चांगले सांगाड्यानिशी मिळालेत. ब्रिटिश शास्त्रज्ञ ओवेनने १८४७ मध्ये त्यांना राना या वंशात बसवलं. सांगाडे असूनही ते चुकलं, आणि १९३० मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ नोबलला त्यांच्यासाठी इंडोबॅट्राकस हा निराळा वंश करावा लागला.

आकाराचं म्हणाल तर तेवढं मान्य. २००८ चा चाळीसेक सेंटिमीटरचा अंदाज पुढे बराच खाली आला. डीएनएचा वाद, म्हणजे डीएनएवरून हे कूळ किती जुनं ठरतं तो, इथे काढू नका, तो वेगळा विषय आहे. त्यावर बोलायचंच असेल तर आधी २०१४ चा निबंध पूर्ण वाचून या.