फ्रिजचा गॅस ‘संपत’ नाही : एक खुलासा

आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘फ्रिज थंड करेनासा झाला म्हणजे गॅस संपला, दर 2 वर्षांनी भरून घ्या.’ हे चूक आहे. हा गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, पेट्रोलसारखा जळून जात नाही. तो कमी झालाच, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता भरला की थोड्या दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रिजमध्ये फ्रीझर गार आणि खालचे कप्पे कोमट, असं असेल तर संशय डिफ्रॉस्ट हीटर (बर्फ वितळवणारा), त्याचा सेन्सर किंवा पंख्यावर घ्या. हीटर किंवा सेन्सर बिघडला की बर्फ साचून हवेची वाट बुजते. प्लग काढून, दार उघडं टाकून फ्रिज एक दिवस ठेवा (खाली फडकी पसरा, पाणी येतं). मग आठवडाभर नीट चालून पुन्हा रुसला, तर दोष बहुधा तिथलाच.

कॉम्प्रेसर गुणगुणून ‘टक्’ करत बंद पडतो? आधी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा स्विच) बघायला सांगा, स्वस्तातला भाग आहे.

आणि मागच्या पट्टीवर ‘आर-600ए’ लिहिलं असेल, तर आतला गॅस आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील. भररस्त्यात भेटलेल्या कारागिराला घरात टॉर्च (नळ्या जोडायची गॅसची ज्योत) पेटवू देऊ नका.