अलाइनमेंट सक्सेसफुल म्हणे!

काय छळ आहे राव या गो-टू, म्हणजे सांगू त्या ताऱ्याकडे आपणहून वळणाऱ्या दुर्बिणीचा. हँडसेटवर ऐटीत येतं 'अलाइनमेंट सक्सेसफुल', म्हणजे आकाशाशी जुळणी झाली, आणि एम १३ या तारकागुच्छावर पाठवली की आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, तो गुच्छ सोडून बाकी सगळं. मग सक्सेसफुल नक्की काय झालं बाबा?

आधी तारीख टाका, तीही महिना आधी आणि दिवस नंतर, मग वेळ, मग टाइम झोन, आणि ते डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची सोय, चुकून ऑन राहिलं की संपलंच, आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे पहिल्याच ताऱ्याला दुर्बीण भलतीकडे तोंड करून उभी. बरं, बंद केली की वेळ परत टाका, आत एक घड्याळाचा सेल बसवायला काय जात होतं यांचं? मग म्हणे जुळणीसाठी स्वाती तारा मध्यभागी आणा. आणला. बटण सोडलं की तारा हळूच सरकतो, कारण गिअर ढिले, म्हणून शेवटची हालचाल कायम एकाच दिशेने करायची, हे मॅन्युअलच्या कुठल्यातरी कोपऱ्यात. दुसरा तारा अभिजित घ्यावा तर तो नेमका झाडामागे, आणि स्वातीच्या बाजूचाच कुठलातरी घेतला की गणित आणखी कच्चं.

एवढं करून जमलंच तर कोणीतरी अंधारात ट्रायपॉडला पाय लावणार. करा परत पहिल्यापासून! वर विचारणार, "कॉम्प्युटर आहे ना, मग त्याला कळत नाही का?" अहो, आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत तेसुद्धा त्याला मीच सांगतोय.