पाळीच्या दिवसांत ‘काही होत नाही’, हे कोणी सांगितले?

आज दुपारी बेळगावच्या वडगावातल्या आमच्या भिशीला माझी नवविवाहित भाची आली होती. चहा झाल्यावर तिने ओढणीशी चाळा करीत हळूच विचारले, की पाळी चालू असताना संबंध आला तर दिवस राहतात का. आमच्यातल्या सर्वांत वडील अक्का, ज्या स्वतः पदवीधर आहेत, चटकन म्हणाल्या, “छे गं, त्या दिवसांत काही होत नाही, निर्धास्त राहा.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी “असे नसते” म्हणून बोलायला सुरुवात केली, तोच कोणीतरी पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि विषय साड्यांवर गेला. घरी आल्यापासून माझा संताप उतरलेला नाही.

याचे कारण असे, की नेमके हेच वाक्य मला 1994 साली सांगण्यात आले होते. थोरली तेव्हा नऊ महिन्यांची होती, अंगावर पीत होती आणि माझी पाळी नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी पेन्सिलीने फुली करीत असे आणि त्या फुल्यांमध्ये 22-23 दिवसांचेच अंतर पडत असे. शेजारच्या काकूंच्या शब्दावर विसंबून पाचव्या दिवशी, अंगावरचे जाणे पुरते थांबलेले नसतानाच, आम्ही कोणतेही साधन वापरले नाही. पुढच्या महिन्याच्या पानावर फुली पडलीच नाही.

यात चमत्कार काहीच नव्हता. स्त्रीबीज सुटते ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. म्हणजे 28 दिवसांचे चक्र असलेल्या बाईचे चौदाव्या दिवसाच्या आसपास आणि माझ्यासारखीचे आठव्या दिवसाच्या आसपास. पुरुषबीज शरीरात 5 दिवसांपर्यंत तग धरू शकते, तेव्हा पाचव्या दिवशी आलेल्या बीजाला आठव्या दिवसापर्यंत थांबणे मुळीच कठीण नव्हते. शिवाय बाळंतपणानंतर, वयात येताना आणि चाळिशीच्या पुढे चक्र बेभरवशाचे असते, आणि मध्येच दिसणारा रक्ताचा डाग पाळी समजला जातो तो वेगळाच.

चक्र नियमित 28-30 दिवसांचे असेल आणि पाळीचा पहिला-दुसरा दिवस असेल, तर शक्यता फारच कमी असते, हे मला मान्य आहे. पण अक्कांनी त्या मुलीला तिचे चक्र किती दिवसांचे आहे, हे विचारले तरी होते का?

मला वाटते, हा घोळ एका खऱ्या गोष्टीतून झाला आहे. नेहमीसारखी पाळी आली म्हणजे दिवस राहिलेले नाहीत, असे आपण धरतो. तांबी बसवायलाही डॉक्टर पुष्कळदा याच दिवसांत बोलावतात. पण ती पाळी मागच्या महिन्याचा निकाल सांगते, पुढच्या आठवड्याची हमी देत नाही, आणि आपण मात्र ती हमीच समजून बसलो आहोत.

हे लिहिता लिहिता अक्कांवरचा राग थोडा निवळला आहे. त्यांना आणि शेजारच्या काकूंना तरी कोणी काय सांगितले होते? कुठे बसायचे, कशाला शिवायचे नाही, लोणच्याच्या बरणीपासून किती लांब राहायचे, एवढेच. काकूंनी पुढे माझे बाळंतपण स्वतःच्या मुलीसारखे केले, हेही मी विसरलेले नाही. तरीही र. धों. कर्वे यांनी मुंबईत 1921 साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि याच कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. त्याला शंभर वर्षे उलटल्यावरही मराठी बायकांच्या बैठकीत हा विषय पोह्यांच्या बशीखाली दडपला जावा, हे मला सहन होत नाही.

माझ्या धाकट्यावर माझा जीव आहे आणि तो हे वाचेल तेव्हा त्याने मनाला काही लावून घेऊ नये. पण माझे दूध आटले, थोरलीला वर्षाच्या आतच अंगावरून तोडावे लागले, ती रात्र रात्र माझ्या पदराला धरून रडत असे आणि रक्त कमी झाल्याने मला तिला उचलून घेण्याचीही ताकद नव्हती. दोन मुलांमध्ये तीन वर्षांचे अंतर ठेवा असे सांगतात ते यासाठीच.

निरोध, गोळ्या, तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, हे सारे सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. निरोध वापरत असाल तर तो पाळीतही वापरावाच लागतो. रोजची गोळी न चुकवता घेणारीला मात्र त्या रक्तस्रावाच्या दिवसांतही संरक्षण असते, फक्त पुढचे पाकीट वेळेवर सुरू करायला हवे. चूक झालीच तर तातडीची गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती महिन्याच्या महिन्याला घेण्याची वस्तू नव्हे. आमच्या भागातल्या दवाखान्यातले माहितीपत्रक कन्नडमध्ये असते. आजच्या मुली ते वाचतात हे खरे, पण त्यांना सल्ला देणाऱ्या आम्ही बायका वाचत नाही.

भिशी सुटल्यावर मी भाचीला जिन्यात थांबवले आणि मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा विचारल्या. तिने मोबाइल उघडून बोटांवर मोजले आणि म्हणाली, “मावशी, 23, 24, 23.” उद्या संध्याकाळी जावयांनाही घेऊन ये, असे मी तिला सांगितले आहे.